शाकाहारी गॅस

पेणकरपाड्यातल्या आमच्या सोसायटीत पंपाच्या खोलीमागे एक हिरवी टाकी आहे. शेजारच्या भिंतीवर पत्र्याचा फलक आहे आणि त्यावर 'बायोगॅसचे फायदे' असं मोठ्या अक्षरात रंगवलेलं आहे. खालचा मजकूर माझा. ओला कचरा आवारातच जिरतो, सिलिंडर वाचतो, उरलेली मळी झाडांना खत म्हणून चालते, वगैरे. तोटेही मी लिहून दिले होते. टाकीला रोज आणि बेतानं खाऊ घालावं लागतं, सणाला जास्त पडलं तर ती आंबते, सुट्टीत कमी पडलं तर उपाशी राहते, थंडीत गॅस कमी येतो, साबण, फिनेल, ब्लीचिंग पावडर चुकूनही आत जाता कामा नये. सेक्रेटरी निकेत सुर्वे यानं कागद वाचला आणि मधोमध घडी घालून फाडला. फायद्यांचा अर्धा खिशात ठेवला आणि तोट्यांचा मला परत दिला.

"काका, तोटे कोण लावतं? लग्नाच्या पत्रिकेत कोणी मुलाची शुगर छापतं का?"

आजूबाजूची चार माणसं हसली. मीही हसलो. माझं सगळं आयुष्य एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. लोक पुस्तकं मागत, मत कुणी मागत नसे, त्यामुळे कुणी हसलं की आपणही हसून मोकळं व्हावं हे मला पक्कं जमतं. शिवाय वाटलं, निकेतचंच बरोबर असेल. मी जे लिहिलं ते पुस्तकातलं. टाकी कुठे मी चालवून पाहिली होती?

निकेत मार्केटिंगमध्ये आहे. कशाच्या, ते मला अजून नीट कळलेलं नाही. ओला कचरा आवारातच जिरवा असं पालिकेचं पत्र आलं, तेव्हा टाकीची कल्पना त्यानं काढली आणि टाकीसोबत फोटोही त्यानंच काढून घेतला. पण बादल्या गोळा करायच्या, साली-देठं दळायची, तेवढंच पाणी मिसळून आत ओतायचं, या कामाला फोटोतलं कुणीच आलं नाही. त्यासाठी कांता शिगवण आली.

कांता गुहागरकडची. नवरा वारल्यावर तिनं डब्यांचा धंदा सुरू केला. पाड्यातल्या एका जुन्या चाळीत तिची स्वयंपाकाची खोली होती. ती चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहतोय. राहायला ती मुर्ध्याला भावाकडे, आणि भावजयीनं तिला आधीच बजावलेलं, "झोपायला ये, चूल मांडायला येऊ नको." आमच्या तळमजल्यावर व्यायामशाळा म्हणून एक खोली आहे. तीत एक बंद पडलेलं चालायचं यंत्र होतं, आणि त्यावर पताकांच्या पिशव्या. ती खोली कांताला मिळाली. टाकी तिनं सांभाळायची, गॅस तिनं वापरायचा, सोसायटीच्या कार्यक्रमांचा स्वयंपाक तिनं करून द्यायचा. खोली गेली तर डबे गेले. एवढं सरळ होतं.

आणि टाकी चालली. मला नावं ठेवायला आवडतात, पण इथे खोटं बोलता येणार नाही. मुर्ध्याच्या एका तबेल्यातून म्हशीचं शेण आणून कांतानं विरजणासारखं आत घातलं. काही आठवड्यांनी वरचा तरंगता पिंप फुगून वर आला. पिंप वर म्हणजे आत गॅस, हे माझी बायको वासंतीसुद्धा गॅलरीतून बघून सांगायला लागली. कांताच्या शेगडीची ज्योत स्वच्छ निळी यायची. तिचा सिलिंडर कोपऱ्यात नुसता बसून असे. कचऱ्याच्या गाडीपाशी पूर्वी जो नाक दाबायचा कार्यक्रम व्हायचा तो बंद झाला. मळीवर जास्वंद अशी फुलली की देवपूजेला फुलं चोरणाऱ्यांमध्ये भांडणं लागली.

मग चौथ्या मजल्यावरच्या स्वाती परब एकदा लवकर खाली आल्या.

स्वातीताई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून साऱ्या जगानं घातली असावी असं त्यांना वाटतं. त्यांनी कांताला बांगड्याची डोकी दळताना पाहिलं. बांगडे कांताच्या डब्यांचेच होते, आणि थोडे इतर कोकणी घरांच्या बादल्यांतले. त्याच संध्याकाळी लॉबीत माणसं जमली.

"म्हणजे ह्याच गॅसवर सत्यनारायणाचा शिरा करणार?" स्वातीताई म्हणाल्या.

"ताई, गॅस तो गॅस," कांता म्हणाली. "त्याला काय शेपूट असते?"

"बांगड्याचा गॅस तो बांगड्याचाच. शिऱ्याला वास येईल."

"आजवर तुमच्याकडे हळदीकुंकवाची कॉफी गेली ती ह्याच गॅसवरची. तेव्हा आला वास?"

स्वातीताईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे यजमान बबन परब शेजारी उभे होते. ते छताकडे पाहू लागले. बबनराव दर बुधवारी कांताच्या खोलीत मागच्या दारानं जातात आणि माशाचं ताट जेवून पुढच्या दारानं फिरायला निघतात. हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, स्वातीताई धरून.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी विचारलं, "आमच्या भाजीच्या देठांचा गॅस वेगळा निघेल का? सेपरेट पाइपनं?"

"टेक्निकली पॉसिबल आहे," निकेत म्हणाला. "बघतो."

एकाच पोटात गेलेल्या पोळीचा आणि भाताचा ढेकर वेगळा काढून दाखवण्यासारखंच ते होतं. पण 'टेक्निकली' म्हटलं की आमच्याकडे माना डोलतात. मी घसा साफ केला.

"मिथेन जो असतो ना..."

"काय काका? मोठ्यानं बोला."

"काही नाही."

अध्यक्ष जितेशभाई हा गरीब स्वभावाचा माणूस आहे. भाईंदरला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. ते स्वतः कांदासुद्धा खात नाहीत, पण दुसऱ्याच्या ताटात बघायची त्यांना सवय नाही. ते हात जोडून म्हणाले, "देखो, अपने को किसी से प्रॉब्लेम नाय. सोसायटीमध्ये शांती पाहिजे, बस."

शांती अशी झाली. यापुढे टाकीत मच्छी घालायची नाही, आणि पूजेआधी टाकी एकदा शुद्ध करून घ्यायची. सगळ्यांनी हात वर केले. त्यात आमचे रत्नागिरीकर, रायगडकर सगळ्यात पुढे. आपण कसे समजूतदार आहोत ते त्यांना दाखवायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कोळंबीची सालं वर्तमानपत्रात गुंडाळून शेजाऱ्याच्या बादलीत टाकायला सुरुवात केली.

टाकी शुद्ध करायच्या दिवशी मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसलो होतो. आधी जितेशभाई गंगाजलाची बाटली घेऊन आले. दोन थेंब टाकले, नमस्कार केला, दुकानात गेले. त्यानं टाकीचं काही बिघडलं नसतं. मग निकेत आला. त्याच्या मागून साफसफाईच्या कंत्राटदाराचा माणूस फिनेलचे कॅन आणि ब्लीचिंग पावडरची गोणी घेऊन आला. मी पुस्तक मिटलं. पायात चपला आहेत की नाहीत हेही न बघता जिना उतरलो.

"निकेत, हे आत नको घालूस."

"का? मस्त स्मेल येतो, काका. लेमन आहे."

"आत जिवाणू असतात. तेच कचरा खाऊन गॅस करतात. यानं ते मरतील."

"जंतूच मारायचेत ना आपल्याला! शुद्धीकरण म्हणजे दुसरं काय?"

"तसं नाही रे, पुस्तकात..."

"पुस्तक कधीचं आहे?"

पुस्तक जुनं होतं. एवढी वर्षं गेली, शास्त्र बदललंही असेल, असं मला खरोखर क्षणभर वाटलं. एक कॅन रिकामा झाला, दुसरा झाला. गोणीतली पावडर आत पडली तेव्हा पांढरी धूळ उडाली आणि निकेतनं रुमालात शिंकून घेतलं. मी वर आलो. वासंती म्हणाली, "चपला कुठायत?"

आठवडाभरात पिंप खाली बसला. कांताची ज्योत आधी पिवळी झाली, मग फडफडली, मग नुसता सूं आवाज येत राहिला. तिनं कोपऱ्यातला सिलिंडर पुढे ओढला. मी वर्तमानपत्र आणायला खाली गेलो होतो, तेव्हा तिनं मला टाकीपाशी बोलावलं.

"वास घ्या काका."

मी वाकलो. इस्पितळाच्या जिन्यात येतो तसा वास येत होता.

"आधी कसा, गुरांच्या आंबोणासारखा वास मारायचा. आता फरशी पुसल्यासारखा येतो. मेली ती."

"फिनेलनं," मी म्हणालो.

"मला कळत नाही होय? सेक्रेटरीला सांगितलं तर म्हणतो, मच्छीच्या तेलानं पाइप चोक झाला. म्हटलं, काढून दाखव पाइप. म्हणतो, एक्स्पर्ट येईल." ती थुंकली. "एक्स्पर्ट आला नाही, नोटीस आलीय. वाचलीत?"

मी वाचली नव्हती. नोटीस लिफ्टशेजारी लावलेली होती. सत्यनारायणाच्या दिवशी विशेष सभा. विषय: बायोगॅस प्रकल्प अयोग्य वापरामुळे बंद पडल्याने तळमजल्यावरील खोली संबंधितांकडून परत घेणे व ती नवीन हरित इंधन प्रकल्पासाठी देणे. सूचक: निकेत सुर्वे. अनुमोदक: सहादेव पाष्टे.

सहादेव पाष्टे म्हणजे मी.

मला कुणी विचारलेलं नव्हतं. तसं ते कधीच विचारत नाहीत. कुठलाही ठराव सभेपुढे यायचा तर मांडणारा एक आणि त्याला दुजोरा देणारा दुसरा, अशी दोन नावं लागतात. मांडायला सगळे पुढे असतात. दुजोऱ्याला नाव द्यायला कुणी तयार नसतं, कारण उद्या भांडण झालं तर कागदावर राहतं. मी इथे राहायला आलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, "पाष्टेकाकांचं टाका, ते काही म्हणत नाहीत." तेव्हापासून रंगकाम, लिफ्टची दुरुस्ती, कुत्र्यांना बंदी, कुत्र्यांवरची बंदी उठवणं, सगळ्याचा अनुमोदक मीच. कुत्र्यांच्या बाबतीत मी दोन्ही बाजूंनी होतो.

"अहो, तुम्ही कांताला काढताय?" वासंतीनं वर आल्या आल्या विचारलं. तिनंही वाचलं होतं.

"मी कुठे काढतोय? त्यांनी नाव घातलंय."

"मग काढायला सांगा."

"आता छापून लावलंय."

"छापून!" ती कणीक तिंबत होती, तिनं गोळा परातीत आपटला. "नाव म्हणजे काय गेटवरचा शिक्का आहे? येईल त्यानं उचलायचा आणि मारायचा? तापात पडलेलात तेव्हा मऊ भाताची खिमटी कुणी आणून दिली खालून? मी माहेरी होते."

कांतानं आणून दिली होती. सोबत भाजलेली सुकट.

मी निकेतला फोन करायचं ठरवलं, दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. मग चिठ्ठी लिहायला बसलो. 'माझे नाव माझ्या संमतीशिवाय...' पुढे काय लिहावं? संमतीशिवाय तर ते नेहमीच असतं. चिठ्ठी पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिली.

पूजेच्या सकाळी मंडपामागे निकेतचा नवीन हरित इंधन प्रकल्प प्रकट झाला. ती एक लोखंडी शेगडी होती, खाली पंखा लावलेली. भाताचं तूस, उसाचं चिपाड, लाकडाचा भुसा असं दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्यांवर ती चालते. अशा कांड्यांचे सोसायट्यांना नमुने वाटणारा एक जण निकेतच्या ओळखीचा होता आणि त्याला गोदामाला तळमजल्यावर खोली हवी होती. शेगडी त्यानंच दिली. ती शेगडी वाईट नव्हती. कांड्या कोरड्या असत्या तर ती धूर न करता जळली असती. शेतातच पेटवून दिला जाणारा काडीकचरा चुलीत जाळणं केव्हाही बरं, हे मी वाचलं आहे. पण निकेतनं कांड्यांच्या गोण्या पंपाच्या खोलीत ठेवल्या होत्या. पंपाचा सांधा गळतो. तो दुरुस्त करण्याच्या ठरावालाही माझं अनुमोदन आहे आणि तो अजून गळतो. कांड्या पाणी पिऊन भिजवलेल्या पोह्यांसारख्या फुगल्या होत्या.

"ह्या पेटायच्या नाहीत," कांता म्हणाली. शिरा तिलाच करायचा होता. खोली काढून घ्यायची त्या दिवशीही स्वयंपाक तिचाच. करारात होतं ना.

"पंखा फुल कर," निकेत म्हणाला.

"माझा सिलिंडर आणते. अर्ध्या तासात शिरा होईल."

"सिलिंडर नाही. आज ग्रीन प्रसाद आहे. ग्रुपवर टाकलंय मी."

कांतानं पंखा फुल केला. पिवळट, चरचरीत धुराचा एक लोळ उठला, मंडपाच्या कापडाला थडकला आणि वळून सरळ सभेत घुसला.

आमच्याकडे सभा प्रसादाच्या आधी असते. प्रसाद आधी दिला तर माणसं द्रोण घेऊन लिफ्टमध्ये शिरतात आणि सभेला भिंती उरतात. त्यामुळे दरवर्षी लोक भुकेले बसतात आणि काहीही मंजूर करतात. मात्र त्या दिवशी शिरा होत नव्हता. रवा भाजायला आच नव्हती. म्हणून सभा लांबली, आणि निकेतला भाषणाला वेळ मिळाला.

"मित्रांनो, फ्यूचर इज बायो," तो म्हणाला आणि खोकला. "पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं. उसापासून, मक्यापासून. शेतकऱ्याला फायदा, देशाला फायदा, परदेशाचं तेल कमी."

याच निकेतची जुनी स्कूटर गेले काही महिने गेटपाशी अडकत अडकत बंद पडते, आणि दर वेळी तो इथेनॉलचा उद्धार ज्या शब्दांत करतो ते शब्द वॉचमनला पाठ झाले आहेत. शेतकऱ्याला फायदा होतो हे खरं असेल. उसाला पाणी किती लागतं आणि मक्याचं इंधन केलं तर कोंबड्यांनी काय खायचं, हेही लोक विचारतात आणि तेही खरं असेल. मला दोन्ही बाजू पटतात, हा माझा जुना रोग. पण निकेतला एकही बाजू माहीत नव्हती. त्याला फक्त 'बायो' हा शब्द माहीत होता, आणि तेवढ्यावर तो धुरात उभा राहून हरित भविष्याबद्दल बोलत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या दम्याच्या आजीबाईंना दोघांनी धरून वर नेलं तरी त्याचं बोलणं थांबलं नाही.

"आपला पहिला प्रकल्प काही लोकांच्या निष्काळजीपणामुळे फेल गेला. मी नावं घेत नाही."

"घे की!" मंडपामागून कांताचा आवाज आला. "नाव घ्यायला काय घास अडकतो?"

दोघं-तिघं हसले आणि लगेच खोकले. निकेतनं घाईनं कागद वर धरला. "ठराव. तळमजल्यावरील खोली परत घेण्यात यावी. सूचक मी. अनुमोदक सहादेव पाष्टे. मंजूर? मंजूर. पुढचा विषय..."

मी उठलो. उठायचं ठरवलं नव्हतं. धूर डोळ्यांत जात होता म्हणून खुर्ची मागे सरकवायला उठलो असेन, मला नक्की सांगता येत नाही. पण उठलो आणि सगळ्यांनी पाहिलं, कारण इतक्या वर्षांत मी सभेत कधी उठलो नव्हतो.

"माझं अनुमोदन नाही," मी म्हणालो.

"काय काका?"

"माझं अनुमोदन नाही. मला विचारलं नव्हतं."

निकेत हसला. "काका, फॉर्मॅलिटी असते ती. तुमचं नेहमीच असतं."

"आता नाही." माझा आवाज कापत होता आणि तो कापतोय हे मला ऐकू येत होतं. "टाकी मच्छीनं नाही बंद पडली. तू फिनेल घातलंस. मी समोर होतो. मी सांगितलं होतं, पण... हळू सांगितलं होतं."

"आता हे टेक्निकल डिस्कशन इथे नको. बसा तुम्ही. अनुमोदक दुसरा घेऊ. कोण देतंय?"

कोणी दिलं नाही.

मी आधी समजलो की माझं म्हणणं लोकांना पटलं. एक क्षण मला फार बरं वाटलं. मग मी त्यांच्या तोंडांकडे नीट पाहिलं. पटलं-बिटलं काही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे पाइपवाले गृहस्थ मोबाइल पुसत होते. आमचे रत्नागिरीकर एकमेकांना कोपरानं पुढे ढकलत होते. "तू दे." "तूच दे की, तुला लय पुळका." यांची निम्मी मुलं कांताचे डबे घेऊन कामाला जातात. उद्या डब्यात मीठ जास्त पडेल की काय, एवढाच विचार त्या कपाळांवर होता.

"स्वातीताई, तुमची कंप्लेंट होती. तुम्ही द्या," निकेत म्हणाला.

"मी?" स्वातीताईंनी माळ चाचपली. "मी तक्रार केली, झालं माझं. नाव कशाला बाई कागदावर? उद्या कोण काय बोलेल."

"कोण काय बोलणार?"

मंडपामागून कांता पुढे आली. हातात उलथनं, डोळे लाल, केसांवर राख. तिनं स्वातीताईंकडे पाहिलंही नाही. बबनरावांकडे पाहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "बबनभाऊ, बुधवारी येताय ना?"

बबनरावांना ठसका लागला. धुराचा असेल. स्वातीताई ताडकन म्हणाल्या, "आमचं अनुमोदन नाही! लिहा हवं तर!" आणि नवऱ्याच्या पाठीत दोन धपाटे घातले, ते ठसक्यापुरते नव्हते.

"जितेशभाई, मग तुम्हीच," निकेत म्हणाला. आता त्याच्या कपाळाला घाम होता.

"चेअरमन को नाय चालता," जितेशभाई इतक्या चटकन म्हणाले की ते उत्तर तयार ठेवूनच बसले असावेत. "सेकंड नाय, तर ठराव नाय. काय?"

"मग मिनिट्समध्ये काय लिहू?"

"लिख, शिरा झाला नाय." ते उठले. "कांताबेन, तुमचा सिलिंडर घेऊन ये."

कांता वळून चालू लागली होतीच. ती सिलिंडर फरशीवर गडगडवत आणताना जो आवाज झाला त्यानं सभा संपली. अर्ध्या तासात शिरा झाला. लोकांनी द्रोण घेतले आणि लिफ्टपुढे रांग लावली. कुणी माझ्याशी बोललं नाही. निकेत तेवढा जाता जाता म्हणाला, "काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." ते मात्र खरं होतं.

सगळे गेल्यावर जितेशभाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.

"काका, ती फिनेलवाली बात सच्ची आहे?"

"पुस्तकात तरी तसंच आहे. पुस्तक जुनं आहे म्हणा."

"म्हणजे जीवहत्या झाली? छोटे छोटे जीव?"

मी चमकलो. टाकीतल्या जिवाणूंची कीव आलेला हा सोसायटीतला पहिला माणूस. आणि ती गॅससाठी नव्हे.

"तसं म्हणता येईल," मी म्हणालो.

"आता काय घालायचं आत?"

"आधी आतलं सगळं उपसायचं, धुवायचं. मग शेण. भरपूर."

त्यांचा चेहरा उजळला. "गायीचं?"

"चालेल."

"चालेल काय, काका! त्याच्याहून शुद्ध काय आहे?"

त्यांची एका गोशाळेत ओळख होती. दोन दिवसांनी शेणाचा टेंपो आला. निकेत आला नाही. त्याला मीटिंग होती. कांतानं साडीचा काचा मारला, मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, वासंतीनं गॅलरीतून सूचना दिल्या. टाकी उपसून धुऊन झाल्यावर कांता शेण पाण्यात कालवत होती आणि मी बादल्या पुढे करत होतो. स्वातीताईंनी चौथ्या मजल्यावरून टाकीला हात जोडले. गायीच्या शेणानं टाकी पवित्र झाली असं आता सगळ्यांचं एकमत आहे. म्हशीच्या शेणानं ती आधी उत्तम चालत होती हे मी कुणाला सांगितलं नाही. योग्य तीच गोष्ट होत होती. कारण खुळं होतं, पण कारण विचारलं असतं तर टेंपो परत गेला असता.

"बोललात एकदाचे," कांता म्हणाली. "मला वाटलं, चक्कर येऊन पडताय."

"मलाही तेच वाटलं."

"पण उशिरा बोललात. फिनेलच्या वेळी ओरडायचं होतं. आता महिना-दीड महिना सिलिंडरवर काढायचा. मला परवडतं होय?"

मी पुढची बादली दिली.

पिंप फार दिवस हलला नाही. मग एके सकाळी वासंती चहा ठेवायच्या आधी गॅलरीत गेली आणि म्हणाली, "अहो, वर आलाय वाटतं. बोटभर." मी खाली गेलो. कांता आधीच टाकीपाशी बसली होती. शेजारी देठांची बादली, आणि मागे वर्तमानपत्राची एक पुडी.

"कुणाच्या बादलीतली?"

"चौथ्या मजल्याच्या," ती म्हणाली. पुडीत बांगड्याची दोन डोकी होती. "बुधवार काल झाला. घरी नेऊन खातोय आता मेला. टाकू?"

"टाक. थोडं थोडं टाक. एकदम नको."

तिनं डोकी दळायच्या यंत्रात सोडली, वरून देठं लोटली, झाकण लावलं आणि बटण दाबलं. आवाज थांबल्यावर तिनं फलकाकडे मानेनं खूण केली.

"ते फिनेलचं तिथे लिहा ना वर. मोठ्या अक्षरांत."

"निकेत पुसून टाकेल. ठराव आणेल, फलक बदलण्याचा."

"आणू दे," कांता म्हणाली आणि बादली माझ्या हातात दिली. "अनुमोदक कोण मिळतो बघू. धरा, पाणी आणा."